स्लोडाइव्ह: जुनी बरी की नवी?

रीडिंग म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ऑफिस येतं. ग्रीन पार्क, थेम्स व्हॅली पार्क, विनर्श. मग लोअर अर्लीतलं भाड्याचं घर आणि अलीकडे एलिझाबेथ लाइन. संगीताचं म्हणाल तर ऑगस्टच्या शेवटी रिचफील्ड अ‍ॅव्हेन्यूजवळच्या शेतात भरणारा फेस्टिव्हल, आणि त्या दिवसांत स्टेशनभर दिसणारी, तंबू पाठीला लावलेली, चिखलाने माखलेली पोरं. फेस्टिव्हल गावात भरतो, पण तिथे गाणारे बहुतेक सगळे बाहेरचे असतात. या गावाने स्वतः जगाला काय ऐकवलं, असं विचारलं तर 'ट्युब्युलर बेल्स'वाला माइक ओल्डफील्ड १९५३ साली इथे जन्मला, एवढं काही जणांना आठवेल. दुसरं नाव मात्र कमी लोकांना माहीत असतं, आणि ते ज्यांना माहीत आहे ते त्यावरून तासन्‌तास भांडू शकतात. ते नाव म्हणजे स्लोडाइव्ह.

१९८९ साली नील हालस्टेड आणि रेचल गॉसवेल या लहानपणापासूनच्या दोन मित्रांनी रीडिंगमध्ये हा बँड काढला. तेव्हा दोघंही जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांची होती. १९९१, १९९३ आणि १९९५ अशा तीन अल्बमनंतर बँड संपला. मग एकोणीस वर्षांनी परत उभा राहिला, आणि २०१७ व २०२३ साली आणखी दोन अल्बम आले. शेवटच्या अल्बमचं नाव 'एव्हरीथिंग इज अलाइव्ह'. आज भांडण आहे ते या अल्बमवरून: जुनी स्लोडाइव्ह खरी की ही नवी?

हे भांडण तुम्ही जरा कान देऊन ऐकलंत तर त्यात तीन तट दिसतात. पहिला 'सुव्लाकी'वाल्यांचा. त्यांच्या मते १९९३ च्या त्या अल्बममध्ये गाणी होती, चाली होत्या; 'अ‍ॅलिसन' किंवा 'व्हेन द सन हिट्स' एकदा ऐकलं की दिवसभर डोक्यातून जात नाही; नव्या अल्बममध्ये वातावरण भरपूर आणि गाणं थोडं. दुसरा तट 'पिग्मॅलियन'वाल्यांचा. त्यांची तक्रार नेमकी उलटी. १९९५ मध्ये हा बँड इलेक्ट्रॉनिक संगीताच्या इतका जवळ गेला होता की गिटारचीही गरज उरली नव्हती. नवा अल्बम सिंथेसायझरवर सुरू होतो आणि मग भिऊन पुन्हा गिटारच्या पदराआड लपतो, असं त्यांचं म्हणणं. तिसरा तट विशी-बाविशीतल्या मुलांचा. त्यांना स्लोडाइव्ह टिकटॉकवर आणि स्ट्रीमिंगवर भेटली. १९९३ आणि २०२३ त्यांच्या फोनमध्ये शेजारी-शेजारी आहेत, त्यामुळे आधीचं-नंतरचं हा प्रश्नच त्यांना पडत नाही. तुमच्या घरात विद्यापीठात जाणारं मूल असेल तर त्यालाच विचारून बघा.

कोण बरोबर हे ठरवण्याआधी, 'जुनं' ज्याला म्हणतात ते काय होतं ते पाहायला हवं.

स्लोडाइव्हचं जुनं संगीत गिटारचं असलं तरी त्यातली गिटार आपल्या ओळखीची नाही. तार छेडली की तिचा आवाज पायाशी ठेवलेल्या पेडलांच्या रांगेतून जातो. एक पेडल त्या आवाजाची पुन्हा पुन्हा नक्कल करतं, दुसरं त्याला मोठ्या सभागृहासारखा घुमारा देतं, तिसरं त्याच्या कडा विरघळवतं. तीन गिटारी असं एकदम वाजवू लागल्या की छेडल्याचा क्षण ऐकूच येत नाही, नुसती सुरांची लाट येते. वाजवणारे सतत खाली पेडलांकडे बघत उभे राहायचे, म्हणून या संगीताला शूगेझ, म्हणजे बुटांकडे बघणाऱ्यांचं संगीत, असं चिडवण्याच्या सुरात नाव पडलं. पुढे चिडवणं विसरलं गेलं आणि नाव राहिलं.

आता गंमत बघा. आज ज्या 'सुव्लाकी'ला पहिला तट सोनं म्हणतो, ते १९९३ मध्ये कुणी लोखंडाच्या भावातही घेत नव्हतं. ब्रिटिश संगीत साप्ताहिकांनी या बँडची मनसोक्त टवाळी केली. 'मेलडी मेकर'च्या समीक्षकाने तर हा अल्बम पुन्हा ऐकण्यापेक्षा लापशीने भरलेल्या टबात बुडून मरणं पत्करेन, अशा अर्थाचं लिहिलं, आणि ते वाक्य आजही या अल्बमच्या पाठीला चिकटलेलं आहे. ब्रायन ईनोसारखा माणूस त्यातल्या दोन गाण्यांत सहभागी होता, हेही तेव्हा कामी आलं नाही. अमेरिकेतून आलेल्या ग्रंज संगीताची चलती होती, पुढे ब्रिटपॉप आलं, आणि थेम्सकाठच्या उपनगरातल्या या हळुवार पोरांना 'दुखणं काय आहे यांना?' असं विचारलं जात होतं. म्हणजे 'जुनं ते सोनं' म्हणताना आपण विसरतो की ते जुनं एकदा नवं होतं, आणि तेव्हा त्याचीही तुलना कशाशी तरी करून त्याला कमी लेखलं गेलं होतं.

त्याच वर्षी बँडने दिशा बदलायला सुरुवात केली होती. १९९३ अखेरीच्या 'फाइव्ह' या ईपीत इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताची चाहूल स्पष्ट ऐकू येते, आणि त्यातल्या 'इन माइंड'चे रीमिक्स रिलोड आणि बंडुलू या टेक्नोवाल्यांनी केले. मग फेब्रुवारी १९९५ मध्ये 'पिग्मॅलियन' आला. हा जवळजवळ एकट्या हालस्टेडच्या डोक्यातून उतरलेला अल्बम. गिटारचे छोटे तुकडे घेऊन त्यांची आवर्तनं केलेली, ड्रम असून नसल्यासारखे, आवाज शब्दांपेक्षा श्वासासारखा वापरलेला. पहिलंच गाणं 'रुटी' दहा मिनिटांचं आणि त्यात 'घडत' म्हणावं असं फारसं काही नाही. आपल्याकडे विलंबित आलापात बसायची सवय असलेल्या माणसाला ते अवघड जात नाही. एका स्वराभोवती थांबून राहणं हेच तिथेही काम असतं. पण क्रिएशन रेकॉर्ड्सच्या दफ्तरात तेव्हा ओअ‍ॅसिसचा गल्ला भरत होता. 'पिग्मॅलियन' आला आणि लगेचच कंपनीने बँडला निरोप दिला. हालस्टेड आणि गॉसवेल यांनी मोहावी थ्री नावाने शांत, लोकसंगीताच्या वळणाची गाणी करायला घेतली आणि स्लोडाइव्हचा विषय संपला.

संपला तो इंग्लंडमध्ये. बर्लिनच्या मॉर म्युझिक या छोट्या इलेक्ट्रॉनिक लेबलने २००२ मध्ये 'ब्लू स्काइड अ‍ॅन क्लिअर' नावाचा दोन सीडींचा संग्रह काढला, आणि त्यात उल्रिख श्नाउस, म्यूम, आयसॅन अशा लॅपटॉप-सिंथेसायझरवाल्यांनी स्लोडाइव्हची गाणी आपापल्या पद्धतीने केली. संग्रहाचं नावच 'पिग्मॅलियन'मधल्या एका गाण्याचं आहे. ज्या अल्बमसाठी बँड हाकलला गेला, त्याचे वारसदार सात वर्षांनी गिटारवाल्यांत नाही, इलेक्ट्रॉनिकवाल्यांत सापडले. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण नव्या अल्बममधला सिंथेसायझर काहींना बाहेरून आणून बसवलेला वाटतो. तो बाहेरून आलेला नाही. १९९५ साली अर्ध्यावर सोडलेला धागा आहे तो.

२०१४ मध्ये बार्सिलोनाच्या प्रिमावेरा साउंड महोत्सवासाठी पाचही जण पुन्हा एकत्र आले. हालस्टेड आणि गॉसवेलसोबत क्रिस्टियन सॅव्हिल, निक चॅप्लिन आणि ड्रमर सायमन स्कॉट. यातला स्कॉट मधल्या काळात स्वतःच इलेक्ट्रॉनिक संगीतकार झाला होता. पूर्व इंग्लंडच्या फेन्स दलदलीत माइक घेऊन फिरून तिथले आवाज गोळा करायचे आणि त्यातून संगीत रचायचं, अशी त्याची कामाची पद्धत. २०१७ चा अल्बम नुसताच 'स्लोडाइव्ह' नावाचा होता. 'शुगर फॉर द पिल' आणि 'स्टार रोव्हिंग' या गाण्यांनी सगळ्यांचा जीव भांड्यात पडला: आवाज तोच, तब्येत ठीक, पोरं बरी आहेत! त्या अल्बमवर फारसं भांडण झालं नाही, कारण त्याने भांडण होण्यासारखं काही केलंच नव्हतं.

'एव्हरीथिंग इज अलाइव्ह' १ सप्टेंबर २०२३ ला आला. हालस्टेडने तो सुरू केला तेव्हा तो एकट्याने करायचा इलेक्ट्रॉनिक अल्बम म्हणून, मॉड्युलर सिंथेसायझरवर. मॉड्युलर म्हणजे तयार पेटी नव्हे; सूर काढणारा एक तुकडा, तो कापणारा दुसरा, ठेका देणारा तिसरा, असे सुटे भाग वायरींनी एकमेकांना जोडायचे आणि त्यातून काय निघतं ते ऐकायचं. बाकीचे चौघं नंतर त्या खर्ड्यांवर आले, त्यांच्या गिटारी-ड्रम आले, काही गाणी पडली, काही बदलली. शेवटी आठ गाणी राहिली. अल्बम ब्रिटनच्या यादीत पहिल्या दहात गेला, आणि हे या बँडच्या बाबतीत पहिल्यांदाच घडलं.

आता प्रत्यक्ष ऐकू या. पहिलं गाणं 'शँटी'. सुरुवातीला सिंथेसायझरचे तुटक, गोल फिरणारे सूर. त्यांना कुणी छेडत नाही, ते एकदा सुरू करून दिलेले आहेत आणि चालू आहेत. मग त्यावर गिटार येते, ड्रम येतात, शेवटी आवाज. जुन्या स्लोडाइव्हशी फरक पडतो तो इथे. जुन्या गाण्यांत लाट माणसांनी उभी केलेली असायची; वाजवणारे थांबले की लाट ओसरायची. इथे खाली काहीतरी आपलं आपण चालू आहे, आणि माणसं त्यात येतात-जातात. आपल्याला ही रचना समजावून सांगायला नको. मैफलीत तानपुरा गायकाच्या आधी सुरू होतो आणि गायक थांबला तरी सुरूच असतो. परदेशात तर आपल्यापैकी अनेकांच्या बॅगेत डब्यातला इलेक्ट्रॉनिक तानपुराच आला. बटण दाबलं की षड्ज सुरू. त्यामुळे कुणाचं गाणं 'इलेक्ट्रॉनिक' झालं, असं कुणी म्हणत नाही. 'शँटी'तला सिंथेसायझर त्या जागेवर आहे. तो गाण्याचा विषय नाही, गाण्याची बैठक आहे.

सातवं गाणं 'चेन्ड टू अ क्लाउड' यातच आणखी पुढे जातं. सुरांची एक साखळी जवळजवळ सात मिनिटं फिरते आणि ती फिरत असताना तुमचं लक्ष हळूहळू तिच्यावरून उठून आवाजांवर, मग पुन्हा तिच्यावर जातं. 'अँडलुसिया प्लेज' हे माझ्या मते अल्बममधलं सर्वांत मोलाचं गाणं. हालस्टेड ते कुजबुजल्यासारखं गातो, ठेका रात्री उशिरा घरी चालत निघालेल्या माणसाचा, आणि विषय जुन्या प्रेमाच्या आठवणीचा. 'सुव्लाकी'तही विषय मोडलेल्या प्रेमाचा होता, कारण हालस्टेड आणि गॉसवेल तेव्हाच वेगळे झाले होते. पण तिथे बावीस वर्षांचं दुःख आहे, सगळं जग व्यापणारं. इथे पन्नाशी ओलांडलेल्या माणसाची आठवण आहे, जिला आता काही मागायचं नाही. 'सुव्लाकी'वाल्यांनी या गाण्यात बावीस वर्षांचा आवाज शोधू नये. तो नाही, आणि असता तर खोटा वाटला असता.

म्हणून सगळं गोड आहे असं नाही. 'किसेस' छान आहे, पण ते २०१७ च्या अल्बममध्ये कुठेही बसलं असतं. 'स्किन इन द गेम' माझ्या कानाला सगळ्यांत पातळ लागतं. कल्पना एक आणि ती पहिल्या मिनिटात संपते. आणि 'पिग्मॅलियन'वाल्यांच्या तक्रारीत तथ्य आहे, हे मान्य करायला हवं. दोन-तीन ठिकाणी सिंथेसायझर काहीतरी अनोळखी उघडू पाहतो, आणि तेवढ्यात गिटारींचा ओळखीचा ढग येऊन ती जागा भरून टाकतो. ध्वनिमिश्रणात रिकामी जागा कमी आहे. 'रुटी'मध्ये शांततेला जी किंमत होती, ती इथे नाही. शेवटचं 'द स्लॅब' नावाप्रमाणेच जड आणि भरीव आहे, ड्रम अंगावर येतात. ऐकायला दणदणीत, पण बँडने धाडस केलं की धाडसाची जागा आवाजाने भरली, हा प्रश्न उरतो. पाच जणांचं घर चालवायचं तर तडजोडी होतात. ही त्यातली एक आहे, आणि तिची किंमत अल्बमने मोजली आहे.

तरीही एकूण हिशेब माझ्या मते नव्याच्या बाजूने जातो, आणि त्याचं कारण सांगायला आपल्या घरातलं उदाहरण घेतो. कुमार गंधर्व लहानपणी गायचे तेव्हा मोठमोठ्या गवयांच्या नकला हुबेहूब करणारं नवलाचं पोर म्हणून गाजले. १९४७ च्या सुमारास क्षयाने गाठलं, देवासला काही वर्षं अंथरुणावर गेली. परत आले तेव्हा श्वास पूर्वीचा नव्हता. लांब दमसासाच्या जागी छोटे, टोकदार तुकडे आले, मध्ये शांतता आली, माळव्याची लोकगीतं आणि निर्गुणी भजनं आली. श्रोत्यांत फूट पडली. काहींनी 'हे घराण्याचं गाणं नव्हे' म्हणून पाठ फिरवली, काहींना गाणं म्हणजे काय ते तिथून पुढे कळलं. आज मागे वळून बघताना प्रश्न 'आधीसारखं आहे का?' हा नव्हताच, हे दिसतं. प्रश्न होता: आता जे हातात उरलंय त्याचं हा माणूस काय करतो? स्लोडाइव्ह आणि कुमार यांची उंची मी एका पट्टीने मोजत नाही. श्रोत्याची चूक मात्र दोन्हीकडे एकच आहे. आपण कलावंताला आपल्या वयाच्या एका वर्षात कोंडून ठेवतो आणि तो तिथून बाहेर पडला की त्यालाच दोष देतो.

ही सवय परदेशी राहणाऱ्या आपल्याला जरा जास्तच आहे. आपण ज्या साली निघालो त्या सालचं पुणं, त्या सालचं सांगली, त्या सालचे आई-बाबा मनात ठेवतो. दोन वर्षांनी गेलो की रस्ता रुंद झालेला, कोपऱ्यावरचं दुकान गेलेलं, बाबांच्या हातात काठी आलेली, आणि आपल्याला ते बदल अन्याय वाटतात. तिथल्या माणसांनी मात्र ते रोज थोडे-थोडे करून जगलेले असतात.

'एव्हरीथिंग इज अलाइव्ह' दोन माणसांना अर्पण केलेला आहे: रेचल गॉसवेलची आई आणि सायमन स्कॉटचे वडील. दोघंही २०२० साली गेले. २०२० चं मरण म्हणजे काय, हे हा मजकूर वाचणाऱ्यांना सांगायची गरज नाही. मार्चमध्ये भारतात जाणारी नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली, आणि आपल्यातल्या किती जणांनी घरातला शेवटचा निरोप फोनच्या पडद्यावर घेतला. अशा वर्षातून निघालेला अल्बम रडका असेल असं वाटेल. तो तसा नाही. एवढं सगळं घडून गेल्यावर निव्वळ काळाकुट्ट अल्बम करणं योग्य वाटलं नसतं, अशा अर्थाचं हालस्टेड बोलला आहे, आणि ऐकताना ते पटतं. दुसरं गाणं 'प्रेयर रिमेम्बर्ड' पाहा. त्यात शब्दच नाहीत. सिंथेसायझर आणि गिटार एकमेकांना धरून हळू चालतात आणि संपतात. काही प्रसंगी बोलण्यासारखं काही नसतं आणि तरी कुणीतरी जवळ बसलेलं हवं असतं. ते काम हे गाणं करतं. 'सुव्लाकी'ला हे काम करता आलं नसतं, कारण ते करणाऱ्यांनी तोवर कुणाला गमावलं असेल तर ते प्रेमात.

म्हणून जुनं-नव्याचा निकाल मला विचाराल तर असा: चालींसाठी 'सुव्लाकी', धाडसासाठी 'पिग्मॅलियन', आणि सोबतीसाठी 'एव्हरीथिंग इज अलाइव्ह'. पहिल्या दोघांसमोर तिसऱ्याने मान खाली घालायचं कारण नाही.

अजून ऐकलं नसेल तर एक क्रम सुचवतो. आधी 'अ‍ॅलिसन', मग 'रुटी', मग 'शुगर फॉर द पिल', मग 'शँटी', मग 'अँडलुसिया प्लेज', आणि शेवटी 'प्रेयर रिमेम्बर्ड'. पाऊण तासाच्या आत सगळं होतं. हेडफोनवर ऐका, पण गाणी बदलताना साल बघू नका. साल नंतर बघा, आणि मग ठरवा की तुम्हाला खटकलं ते गाणं होतं की त्याच्यापुढे लिहिलेला आकडा.

हालस्टेड आता बरीच वर्षं कॉर्नवॉलमध्ये, समुद्राजवळ राहतो. रीडिंग सोडून तो गेला, आणि रीडिंगमध्ये राहायला आपण आलो. ज्या गल्ल्यांमधून तो गिटार घेऊन शाळकरी वयात फिरला, तिथून आज आपली मुलं शाळेत जातात. त्यातल्या एखाद्या खोलीत आत्ता कुणीतरी लॅपटॉपवर काहीतरी जुळवत बसलेलं असेल. दार बंद असेल, आणि बाहेर कुणीतरी म्हणत असेल की आमच्या वेळचं संगीत काही वेगळंच होतं. आवाज कमी करायला सांगण्याआधी दोन मिनिटं ऐकून घ्या.